जुन्या पिकअपचं पुढचं सस्पेन्शन खाली उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्नोत्तर साधारण १९४७ ते १९८७ या काळातल्या, मागच्या चाकांना ओढ असलेल्या अमेरिकन पिकअपसाठी आहे: शेव्हरोलेटची सी-१०, फोर्डची एफ-१००, डॉजची डी-१०० आणि त्यांची भावंडं. चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल वेगळ्या घडणीचा असतो, त्यांना यातलं फारसं लागू पडत नाही.

पुढून ट्रक खाली आणायचा म्हणजे नेमकं काय बदलायचं?

चाकाचा मध्य आणि चॅसी यांच्यातलं अंतर. ते कमी करायचे मार्ग दोनच. पहिला, स्प्रिंग आखूड किंवा मऊ करून चॅसी खाली बसू द्यायची. दुसरा, स्प्रिंगला हात न लावता चाकाची जागाच वर सरकवायची, म्हणजे ड्रॉप स्पिंडल (चाकाचा हब ज्यावर फिरतो तो भाग, पण दांडा वर सरकवलेला) किंवा वाकवलेला ड्रॉप अ‍ॅक्सल बसवायचा. बाहेरून दोन्ही ट्रक सारखेच दिसतात. फरक रस्त्यावर कळतो. पहिल्या मार्गात चाकाला वर जायला उरलेली जागा कमी होते, दुसऱ्यात ती शाबूत राहते. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एकाच गोष्टीवर येऊन ठरतात: ट्रक खाली यावा, पण चाकाची हालचाल मारली जाऊ नये.

माझ्या ट्रकला पुढे कोणतं सस्पेन्शन आहे हे कसं ओळखायचं?

खाली वाकून बघा. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच जाड लोखंडी दांडा आणि त्यावर पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतील तर तो सरळ अ‍ॅक्सल. १९४७ ते १९५९ चे शेव्हरोलेट, १९६५ च्या आधीचे फोर्ड एफ-१०० आणि १९७२ च्या आधीचे डॉज बहुतेक याच प्रकारात मोडतात. वरखाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग दिसली तर स्वतंत्र सस्पेन्शन: शेव्हरोलेट आणि जीएमसी १९६३ पासून, डॉज १९७२ पासून. १९६० ते १९६२ च्या सी-१० ला मात्र कॉइलऐवजी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) होता, त्याचे सुटे भाग पुढच्या वर्षांच्या ट्रकशी जुळत नाहीत. आणि दोन स्वतंत्र दांडे एकमेकांना ओलांडून समोरच्या बाजूच्या चॅसीला अडकवलेले दिसले तर ते फोर्डचं १९६५ पासूनचं ट्विन आय-बीम.

मोजमाप कुठून कुठे घ्यायचं?

चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची उंची आणि हवा मध्ये येते आणि आकडे फसवतात. ट्रक सपाट फरशीवर उभा करा, चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरा, पुढचा बंपर दोन-चार वेळा दाबून सोडा, ट्रक थोडा पुढे-मागे ढकला आणि मगच टेप लावा. डावी-उजवी दोन्ही बाजू लिहून ठेवा. पन्नास वर्षं वजन पेललेल्या स्प्रिंगा कधीच सारख्या बसलेल्या नसतात, त्यामुळे अर्धा इंच फरक निघाला तर दचकू नका.

या मोजमापाला आणखी एक कारण आहे. बाजारात मिळणाऱ्या किटवर लिहिलेला आकडा नव्या, मूळ उंचीच्या स्प्रिंगच्या हिशेबाने असतो. तुमची स्प्रिंग आधीच एक इंच बसलेली असेल तर 'दोन इंची' नवी स्प्रिंग टाकून ट्रक एकच इंच उतरल्यासारखा वाटेल. इंजिनाचंही तसंच. सहा सिलिंडरच्या ट्रकसाठी असलेली स्प्रिंग मोठ्या व्ही-८ खाली जास्त दबते, आणि जड इंजिनाची स्प्रिंग हलक्या इंजिनाखाली ट्रक वर उचलून धरते.

ड्रॉप स्पिंडल घेऊ की लोअरिंग स्प्रिंग?

आर्म आणि बॉल जॉइंट (आर्म आणि स्पिंडल जोडणारा गोल सांधा) असलेल्या ट्रकला माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी स्पिंडल. सी-१० साठी मिळणारं नेहमीचं ड्रॉप स्पिंडल चाकाचा मध्य अडीच इंच वर नेतं. बॉल जॉइंट, आर्म, टाय रॉड (चाक वळवणारा स्टीअरिंगचा दांडा), स्प्रिंग सगळं चॅसीच्या मानाने होतं तिथेच राहतं. म्हणून चाक वरखाली होताना कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झोक) जसा बदलत होता तसाच बदलतो आणि शॉकअपची धावही तेवढीच राहते. खड्ड्यात गेल्यावर ट्रक पूर्वीसारखाच वागतो.

स्प्रिंगने उतरवलं की हिशेब बदलतो. समजा तुमच्या ट्रकच्या चाकाला वर जायला बंप स्टॉपपर्यंत (आर्मला शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) साडेतीन इंच जागा होती. स्प्रिंगने दोन इंच उतरवलं की उरली दीड इंच. बरा खड्डा लागला की ती संपते, आर्म रबरावर आपटतो आणि धक्का थेट चॅसीत जातो. लोकांना वाटतं स्प्रिंग कडक आहे म्हणून ट्रक आदळतो. पुष्कळदा स्प्रिंग ठीक असते, आदळत असतो तो बंप स्टॉप.

आणखी एक परिणाम लगेच दिसत नाही. आर्म जमिनीला समांतर होऊन पुढे वरच्या बाजूला झुकू लागले की सस्पेन्शनचं रोल सेंटर (वळताना ट्रक ज्या बिंदूभोवती कलतो तो) ट्रकच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. म्हणजे ट्रक उतरवूनही वळणावर तो अंग जास्त टाकतो. कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार यांनी हे आवरता येतं, पण आवरावं लागतं हे लक्षात असू द्या.

एक-दोन इंचाचं काम असेल, पैसे मोजके असतील, किंवा स्पिंडलसोबत थोडी आणखी उतरण हवी असेल तर लोअरिंग स्प्रिंग चांगल्याच. स्प्रिंग बनवणाऱ्याने आखूड लांबीला साजेसा कडकपणा दिलेला असतो, त्यामुळे दीड इंच जागेतही त्या सांभाळून घेतात. स्पिंडलचा अडीच आणि स्प्रिंगचा एक असा साडेतीन इंचाचा मेळ रोज चालवायच्या ट्रकला छान जमतो. स्पिंडलबरोबर दोन-तीन इंची स्प्रिंग घालणारे आहेत, पण मग जागेची मोजदाद स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मूळ स्प्रिंग कापली तर काय बिघडतं?

कापणं आपोआप वाईट नसतं, बेहिशेबी कापणं वाईट. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग साधारण १४ टक्के कडक होते. आखूड झालेल्या जागेत थोडा जास्त कडकपणा उपयोगीच पडतो.

ट्रक किती उतरेल हे कापण्याआधी काढता येतं. ट्रक चाकांवर उभा असताना स्प्रिंगच्या एका वेढ्याच्या मध्यापासून पुढच्या वेढ्याच्या मध्यापर्यंत मोजा. एक वेढा कापला की स्प्रिंग तेवढीच आखूड होणार, कारण उरलेल्या प्रत्येक वेढ्यावर वजन तेच आहे आणि तो तेवढाच दबणार. स्प्रिंग मोकळी असताना हे अंतर मोजलं तर हमखास जास्त कापलं जातं. मग तरफेचा हिशेब. स्प्रिंग चाकाच्या टोकाला नसते, खालच्या आर्मवर मध्यापाशी कुठेतरी बसते. आर्मच्या बुशपासून बॉल जॉइंटपर्यंतचं अंतर भागिले बुशपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर, हे गुणोत्तर दोनच्या आसपास निघालं तर स्प्रिंग एक इंच आखूड केल्यावर चाकापाशी ट्रक सुमारे दोन इंच उतरतो. म्हणून पहिला काप अर्ध्या वेढ्याचा. पुन्हा कापता येतं, पुन्हा जोडता येत नाही.

कापायला ग्राइंडरची पातळ चकती, मध्ये पाणी मारत. स्प्रिंगचं टोक सरळ सुटलेलं असेल तरच कापा. टोकाचा वेढा वळवून, घासून सपाट केलेला असेल तर कापलेलं टोक बैठकीत नीट बसणार नाही आणि स्प्रिंग तिरकी दबेल. दोन्ही बाजू एकसारख्या कापा, धार घासून रंग द्या, आणि बसवताना कापलेलं टोक खालच्या आर्ममधल्या खाचेला टेकलं आहे याची बोटाने खात्री करा.

गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात, ते चालेल का?

नाही. तापलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं. तेवढे वेढे मऊ पडून एकमेकांवर टेकतात, बाकीचे तसेच राहतात, आणि पुढे कधीतरी स्प्रिंग तिथेच बसत जाते किंवा तुटते. गॅस कटरने कापण्यालाही हाच आक्षेप.

शॉकअप आणि बंप स्टॉप बदलावे लागतात का?

फक्त स्पिंडल बदललं असेल तर मूळ लांबीचा शॉकअप चालतो. स्प्रिंगने उतरवलं तर दीड-दोन इंचाच्या पुढे आखूड शॉकअप घ्याच. मूळ शॉकअप आतून तळाला लागला की तोच बंप स्टॉप होऊन बसतो आणि महिन्याभरात त्याचं तेल बाहेर येतं. बंप स्टॉप काढून टाकू नका. कापून आखूड करा किंवा कमी उंचीचा पॉलियुरेथेनचा घ्या. बंप स्टॉप नसेल तर शेवटचा धक्का बॉल जॉइंट खातो.

माझा सी-१० १९७० च्या आधीचा आहे, ड्रम ब्रेकचा. ड्रॉप स्पिंडल बसेल?

बसेल, पण डिस्क ब्रेकसकट. शेव्हरोलेटने १९७१ पासून या ट्रकना पुढे डिस्क ब्रेक दिले आणि बाजारातली ड्रॉप स्पिंडलं मुख्यतः त्याच घडणीवर आहेत. त्यामुळे डिस्क, कॅलिपर, होज हे सगळं आलं. मास्टर सिलिंडरही डिस्कला जुळणारा हवा, आणि ट्रक १९६७ च्या आधीचा असेल तर एकच सर्किट असलेला जुना मास्टर सिलिंडर काढून दोन सर्किटचा लावायची हीच वेळ. पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटणारा व्हॉल्व्ह विसरू नका, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतील.

रिमचीही गोष्ट आहे. अर्ध्या टनाच्या सी-१० ला १९७० पर्यंत सहा बोल्टची चाकं होती, १९७१ पासून पाच इंची वर्तुळावर पाच बोल्टची. पुढे पाच आणि मागे सहा अशी वेळ येऊ नये म्हणून ऑर्डर देण्याआधी ठरवा. सहा बोल्टचे डिस्क हब मिळतात. डिस्क आल्यावर रिम किमान १५ इंची लागते, आणि ड्रॉप स्पिंडलमध्ये टाय रॉडचं टोक रिमच्या आतल्या कडेजवळ येतं, म्हणून चाक लावून हाताने फिरवून बघितल्याशिवाय ट्रक खाली सोडू नका.

दुसरा रस्ता म्हणजे १९७३ ते १९८७ च्या ट्रकचा पुढचा अख्खा क्रॉस मेंबर (चॅसीच्या दोन बाजू जोडणारा आडवा भाग) आर्म आणि डिस्क ब्रेकसकट आणून १९६३ ते १९७२ च्या चॅसीला लावणं. या ट्रकांचा क्रॉस मेंबर बोल्टने सुटतो, त्यामुळे हे फार जणांनी केलेलं, नीट माहिती असलेलं काम आहे.

फोर्डच्या ट्विन आय-बीमला आखूड स्प्रिंग घातली की चाकं आतून खातात. का?

प्रत्येक बीम समोरच्या बाजूच्या चॅसीला अडकवलेला असतो आणि चाक त्या बिंदूभोवती कमानीत फिरतं. ट्रक खाली आला म्हणजे चॅसीच्या मानाने चाक वर गेलं, बीम तिरपा झाला आणि चाकाचं डोकं आत झुकलं. किंगपिनच्या (चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिच्या) बीमला हा झोक भरून काढायला सी-१० सारख्या शिम (पातळ पट्ट्या) नसतात. एखादा इंच उतरवलात तर अलाइनमेंटवाला बीम किंचित वाकवून सांभाळून घेतो, हे काम जाणणाऱ्याकडेच द्या. त्याहून जास्त हवं असेल तर ड्रॉप बीम घ्या. त्यांची टोकं वर घेतलेली असतात, त्यामुळे बीम मूळ कोनातच राहतो आणि चाक सरळ उभं राहतं. बॉल जॉइंट असलेल्या पुढच्या ट्रकना कॅम्बरचे फिरवता येणारे बुश मिळतात. स्प्रिंग बदलून 'बघू पुढे' म्हणणाऱ्यांचे टायर एका मोसमात आतल्या कडेने गुळगुळीत होतात.

सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे असतील तर?

तीन गोष्टी करता येतात. पाट्यांचा संच सोडवून मधले एक-दोन पाटे कमी करणं, मुख्य पाट्याचा डोळा उलटा वळवून घेणं, किंवा ड्रॉप अ‍ॅक्सल बसवणं. पाटे कमी केले की ट्रक उतरतो आणि मऊही होतो. मुख्य पाटा आणि त्याला लागून असलेला आधाराचा पाटा कधीही काढू नका. या पाट्यांना फक्त वजन पेलायचं नसतं, ब्रेक लावल्यावर अ‍ॅक्सलला पिरगळू न देण्याचं कामही तेच करतात. संच उघडला की मधला बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच घाला.

ड्रॉप अ‍ॅक्सल हा मला सर्वांत आवडणारा मार्ग आहे. १९५३ ते १९५६ च्या एफ-१०० खाली चांगला ड्रॉप अ‍ॅक्सल बघा: पाटे मूळचे, त्यांची कमान मूळची, आणि ट्रक तरीही तीन-चार इंच खाली बसलेला. फक्त स्पिंडल वर गेल्यामुळे टाय रॉडही वर येतो आणि पाट्याला किंवा यू-बोल्टला लागतो. त्यासाठी खाली वाकलेले स्टीअरिंग आर्म लागतात. किंगपिन ढिले असतील तर ते याच वेळी बदला. आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल) कमी झाला असेल तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी पट्टी घालून अ‍ॅक्सल मागे कलवता येतो.

त्यापेक्षा अख्खं पुढचं सस्पेन्शनच दुसऱ्या गाडीचं का लावू नये?

लावतात. जुन्या सरळ अ‍ॅक्सलच्या ट्रकना १९७४ ते १९७८ च्या मस्टँग २ च्या धर्तीवर बनवलेलं, रॅक अँड पिनियनचं सस्पेन्शन खूप लोकप्रिय आहे. १९६५ ते १९७९ च्या एफ-१०० ला २००३ ते २०११ च्या क्राउन व्हिक्टोरियाचा अ‍ॅल्युमिनियमचा क्रॉस मेंबर बसवतात. उत्तम डिस्क ब्रेक आणि हलकं स्टीअरिंग एकदम मिळतं, पण त्याची रुंदी जास्त, म्हणून खूप आत बसणाऱ्या रिम लागतात. दोन्ही कामांत चॅसी कापणं, जोडणं, वेल्डिंग आहे. वेल्डिंग चांगलं येणाऱ्या माणसाशिवाय यात पडू नका. नुसता ट्रक खाली यावा एवढ्यासाठी हे करणं मला पटत नाही. स्टीअरिंग आणि ब्रेक मुळातच जमेनासे झाले असतील तर विचार करा.

स्पिंडल किंवा स्प्रिंग बदलण्याचं काम घरी करता येईल का?

स्पिंडलचं काम काळजीपूर्वक करणाऱ्याला येतं. स्प्रिंगचं काम करण्याआधी तिच्यात काय साठलेलं आहे ते समजून घ्या. चाकावर ५०० किलो वजन असेल आणि तरफ दोनाला एक असेल तर स्प्रिंग जवळजवळ १,००० किलोच्या जोराने दबलेली असते. ती सुटली तर हात-पाय वाचत नाहीत.

चॅसीखाली दोन्ही बाजूंना स्टँड, मागच्या चाकांना अडण्या. ट्रक फक्त जॅकवर कधीही नाही. चाक, कॅलिपर काढा, कॅलिपर तारेने वर टांगा, होजवर लोंबू देऊ नका. मग जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावून आर्मला किंचित उचला. स्प्रिंगमधून आणि क्रॉस मेंबरभोवती साखळी ओवा. स्प्लिट पिना काढा, बॉल जॉइंटचे नट ढिले करा पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या. आता स्पिंडलच्या ज्या भागात बॉल जॉइंटचा निमुळता दांडा बसलेला असतो त्या भागावर बाजूने हातोड्याचे दोन जोरदार घाव. दांडा 'टक्' असा आवाज करून सुटतो. फाटेवाली पहार घालून सुटतो तोही, पण रबर फाटतं.

फक्त स्पिंडल बदलायचं तर जॅक हलवायचाच नाही. आर्म आहे तिथे राहतो, स्प्रिंग दबलेली राहते, जुनं स्पिंडल निघतं आणि नवं चढतं. स्प्रिंग काढायची असेल तरच जॅक इंच-इंच खाली सोडायचा, आणि तोवर समोर उभं राहायचं नाही. सी-१० मध्ये खालचा आर्म त्याच्या दांड्यासकट यू-बोल्टने क्रॉस मेंबरला धरलेला असतो. ते यू-बोल्ट गंजलेले असतील तर बदला.

जोडताना स्प्लिट पिना नव्या घाला. भोक जुळत नसेल तर नट थोडा आवळून जुळवा, ढिला करून नाही. वरचा बॉल जॉइंट अजून कारखान्याच्या रिबिटांनी बसवलेला दिसला तर तो मूळचा आहे, आताच बदलून टाका. हब बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा, चाक फिरवत नट आवळा, मग ढिला करून हाताने टेकवा. सी-१० ला हबचा प्ले ०.००१ ते ०.००५ इंच ठेवतात, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढा.

रबरी बुशचे बोल्ट शेवटी आवळा म्हणतात, त्याचं कारण काय?

रबरी बुशचा आतला नळकांडा आवळला की तिथेच पकडला जातो. आर्म हलतो तेव्हा रबर पिळतं. आर्म लोंबत असताना बोल्ट आवळले तर ट्रक खाली ठेवल्याबरोबर रबर पिळलेलंच राहतं, ट्रक अर्धा इंच वर थांबतो, आणि बुश लवकर फाटतात. चाकं जमिनीवर, ट्रक आपल्या उंचीवर बसलेला, तेव्हाच शेवटचा पाना फिरवा.

अलाइनमेंट किती ठेवायची?

जुन्या पुस्तिकेतले आकडे तिरप्या थरांच्या जुन्या टायरसाठी आणि पॉवर नसलेल्या स्टीअरिंगसाठी होते, म्हणून कॅस्टर फार कमी असे. रेडियल टायर आणि पॉवर स्टीअरिंग असेल तर कॅस्टर अधिक ३ ते ५ अंश, कॅम्बर शून्य ते उणे अर्धा अंश, टो-इन (दोन्ही चाकं पुढून एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते) एक षोडशांश ते एक अष्टमांश इंच, हे रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकला मानवतं. कॅस्टर दोन्ही बाजूंना सारखा हवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. सी-१० मध्ये कॅस्टर-कॅम्बर वरच्या आर्मच्या दांड्यामागच्या शिम घालून-काढून जमवतात. मूळ आर्मने ३ च्या पुढे जाणं अवघड जातं. तेव्हा जास्त कॅस्टर धरून बनवलेले नळीचे वरचे आर्म लावतात.

दुकानापर्यंत ट्रक नेण्याइतकं घरी जमवता येतं. रिमच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि खालच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर मोजा, कॅम्बर कळतो. टायरच्या मधोमध खडूने रेघ मारून पुढून आणि मागून दोन रेघांमधलं अंतर मोजा, टो कळतो.

बंप स्टीअर म्हणजे काय आणि तो आला आहे हे कसं कळेल?

स्टीअरिंग स्थिर धरलेलं असताना उंचवट्यावरून गेल्यावर ट्रक आपणहून डावी-उजवीकडे डोकं फिरवत असेल तर तो बंप स्टीअर. चाक वरखाली होताना आर्म एका कमानीत फिरतात, टाय रॉड दुसऱ्या. मूळ उंचीला त्या कमानी जवळपास जुळलेल्या असतात. स्प्रिंगने खूप उतरवलं की आपण त्या कमानींच्या भलत्याच भागात येतो.

तपासायचा खात्रीचा मार्ग म्हणजे स्प्रिंग काढून ठेवायची, स्टीअरिंग सरळ बांधायचं आणि जॅकने चाक एकेक इंच वरखाली करत टो किती बदलतो ते लिहायचं. याच वेळी चाक पूर्ण वर नेऊन स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा. टायर मडगार्डच्या आत कुठे लागतो, ब्रेकची होज ताणली जाते का, टाय रॉड कशाला घासतो, सगळं तिथल्या तिथे दिसतं. ही अर्धा दिवस घेणारी तपासणी मी कुणालाही टाळू देणार नाही.

किती खाली आणणं म्हणजे अती झालं?

त्याला स्क्रब लाइनची परीक्षा आहे. एका रिमच्या खालच्या कडेपासून समोरच्या टायर जिथे जमिनीला टेकतो त्या बिंदूपर्यंत दोरी ताणा, मग उलट बाजूने तसंच. या दोऱ्यांच्या खाली आर्म, क्रॉस मेंबर, बॉल जॉइंट, स्टीअरिंगचा कोणताही भाग येता कामा नये. वेगात टायर फुटला तर रिम जमिनीला लागते, आणि दोरीखाली असलेला भाग रस्त्यावर घासून गाडीचा ताबा जातो.

कॅलिफोर्नियात रिमच्या तळाच्या खाली गाडीचा भाग येऊ नये असा कायदाच होता, १९५८ पासून. तेव्हा रॉन अ‍ॅगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक लावून ती हवी तेव्हा वर उचलायची सोय केली होती. लोरायडर (हौसेने खूप खाली आणलेल्या) गाड्यांवरचं ते बंधन १ जानेवारी २०२४ पासून उठलं. कायदा गेला तरी रस्त्याचं भौतिकशास्त्र तेच आहे, म्हणून दोरी लावाच. इतर राज्यांचे बंपर आणि दिव्यांच्या उंचीचे नियम वेगवेगळे आहेत, आपल्या नोंदणीच्या राज्याचे वाचून घ्या.

एअर बॅग लावल्या तर हा सगळा प्रश्न सुटतो का?

या स्प्रिंगच्या जागी बसणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या. उभं असताना खाली आणि चालताना वर, एवढं सुटतं. बदल्यात कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या आणि त्यांची देखभाल येते. चालवायची एक उंची ठरवा, अलाइनमेंट त्याच उंचीवर करा आणि तिथेच चालवा. बॅग बहुतेक वेळा फुटून नाही, घासून जाते. पूर्ण दबलेल्या आणि पूर्ण ताणलेल्या स्थितीत तिच्या चारही बाजूंनी बोट फिरलं पाहिजे. हवा गेल्यावर वजन बंप स्टॉपवर यावं, बॅगेवर नाही. ड्रॉप स्पिंडल इथेही उपयोगी, कारण चालवायच्या उंचीला आर्म चांगल्या कोनात राहतात.

लहान टायर लावूनच ट्रक खाली आणता येईल ना?

टायरचा व्यास एक इंच कमी केला की ट्रक अर्धा इंच उतरतो, आणि स्क्रब लाइनसकट सगळंच उतरतं. मडगार्ड आणि टायरमधली फट उलट वाढते. वजन पेलण्याचा टायरवरचा आकडा ट्रकला पुरेसा आहे का तेवढं बघा, आणि पुढची-मागची चाकं बदलली तर स्पीडोमीटर चुकीचं दाखवेल.

मागची बाजू किती उतरवावी?

कारखान्यातून हे ट्रक मागे उंच येतात, सामान लादल्यावर सपाट व्हावेत म्हणून. म्हणून किटचे आकडे '३/५' किंवा '४/६' असे असतात, पहिला पुढचा, दुसरा मागचा. पुढचा भाग इंचभर खाली असलेला ट्रक डोळ्यांना बरा दिसतो. फक्त पुढचं उतरवून मागचं तसंच ठेवलं तर चॅसी पुढे कलते आणि तेवढ्या कोनाने कॅस्टर कमी होतो. आधी मागचं काम, मग पुढचं, अलाइनमेंट सर्वांत शेवटी.

काम झाल्यावर पुन्हा काय बघायचं?

पहिल्या शंभरेक मैलांनंतर सगळे नट पुन्हा तपासा, विशेषतः खालच्या आर्मचे यू-बोल्ट आणि चाकाचे नट. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही आठवड्यांत थोड्या बसतात, तेव्हा मडगार्डची उंची पुन्हा मोजा आणि फरक पडला असेल तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. हेडलाइटचा झोत खाली गेलेला असेल, भिंतीसमोर ट्रक उभा करून तो जुळवा. दर सर्व्हिसला टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा. करवतीसारखे दात लागले तर टो चुकला आहे, नुसती एकच कड झिजली असेल तर कॅम्बर. काढलेली स्पिंडलं आणि स्प्रिंगा तेल लावून, डावी-उजवी लिहून ठेवून द्या. पुढे कुणाला ट्रक मूळ उंचीला न्यायचा झाला तर दोन दिवसांचं काम आहे.